एका डोंगररांगेचे वर्ष

हौसेने केलेला प्रवास आणि त्या प्रवासाचे हौसेने केलेले लेखन या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात नव्या नाहीत. तथापि अशा लेखनाचा विचार बहुधा त्याच्या भाषेच्या किंवा त्यातील साहसाच्या अंगाने होतो, आणि लिहिणाऱ्याने ते स्थळ किती वेळा व कोणकोणत्या ऋतूंत पाहिले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रवासवर्णन हे पहिल्या भेटीचे वाङ्मय आहे, नवलाई ओसरली की त्यातला रस ओसरतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे आणि दरवर्षी नवे ठिकाण गाठण्याची धडपड त्यातूनच वाढते. या समजाची दुसरी बाजू तपासून पाहावी, या हेतूने प्रस्तुत लेखकाने एक संपूर्ण वर्षभर नव्या प्रदेशांचा शोध बाजूला ठेवला, नोकरीतून मिळणाऱ्या सुट्ट्यांमध्ये एकाच डोंगररांगेत पुन्हापुन्हा प्रवास केला आणि प्रत्येक भेटीची नोंद त्या त्या दिवशीच लिहून काढली. पुढील विवेचन त्या नोंदींवर आधारलेले आहे.

ही रांग म्हणजे हरिश्चंद्रगड, माळशेज घाट, जीवधन आणि नाणेघाट यांचा परिसर होय. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमा येथे एकमेकींना भिडतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून येथला काळा कातळ तयार झाला. या थरांपैकी जे कठीण होते ते उभ्या कड्याच्या रूपाने टिकले, जे मऊ होते ते झिजून त्यांच्या उतरत्या पायऱ्या बनल्या. अशा पायरीला स्थानिक लोक ‘पदर’ म्हणतात, आणि डोंगरातली झाडी, गुरांच्या वाटा, कधी कधी वाड्यासुद्धा या पदरांच्याच आधाराने राहिलेल्या दिसतात. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर आहे. त्याची पश्चिम बाजू कोकणकड्याच्या रूपाने एकदम तुटते, तर पाचनई गावाच्या बाजूने गड तुलनेने सौम्यपणे उतरतो; त्यामुळे एकाच गडाला कोकणातून पाहणारा आणि देशावरून पाहणारा यांची वर्णने दोन वेगळ्या डोंगरांची वाटावीत इतकी निराळी होतात.

ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही, अशा प्रवाशाचे वेळापत्रक येथे एसटीची मुक्कामी गाडी ठरवते. संध्याकाळी शेवटच्या गावात पोचून चालक-वाहकांसह तेथेच रात्र काढणारी आणि पहाटे शाळकरी मुले, दुधाच्या किटल्या व तालुक्याला निघालेली माणसे घेऊन परतणारी बस म्हणजे मुक्कामी गाडी. या गाडीने येणाऱ्याला गावात रात्र काढावीच लागते, आणि हौशी प्रवासाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे. कारण गड चढण्याची घाई नसलेल्या त्या दोन-तीन तासांत देवळाच्या ओट्यावर जी माहिती मिळते, ती कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नसते. कोणत्या खिंडीत दरड आली, कोणत्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला, कोणत्या टाक्याचे पाणी यंदा लवकर आटले, हे सगळे तेथे कळते. पहाटे शहरातून निघून संध्याकाळी शहरात परतणाऱ्याला गड पाहायला मिळतो. ज्या गावाच्या अंगाखांद्यावर तो गड उभा आहे, ते गाव मात्र त्याच्या वाट्याला येत नाही.

पुन्हा जाण्याचे महत्त्व ज्या एका गोष्टीने सर्वांत स्पष्ट झाले, ती म्हणजे राब. वैशाखात या भागातून चालताना भाताच्या खाचरांच्या कडेला, थोड्या उंचवट्यावर, जमिनीचे काळे जळके तुकडे दिसतात. ज्याची ही पहिलीच फेरी आहे, तो त्यांना वणव्याच्या खुणा समजतो, आणि त्याच्या लेखनात जंगल जाळल्याबद्दल हळहळीचे एखादे वाक्य येऊन जाते. वस्तुतः ती भाताच्या रोपांसाठी मुद्दाम भाजलेली जमीन असते. निवडलेल्या तुकड्यावर प्रथम सुके शेण पसरतात, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा म्हणजे टहाळांचा थर रचतात, त्यावर पातेरा आणि गवत घालतात, आणि वाऱ्याने हे सारे उडून जाऊ नये म्हणून वरून बारीक माती पसरतात. पेटवताना आग वाऱ्याच्या उलट दिशेने सरकेल, अशा बेताने लावली जाते. त्यामुळे भडका न उडता ढीग सावकाश धुमसत राहतो आणि जमीन खोलवर भाजली जाते. या भाजणीने तणाचे बी आणि मातीतली कीड मरते, राखेतून रोपाला पोषण मिळते, आणि पहिला पाऊस पडताच पेरलेले बी तणाच्या त्रासाविना उगवते.

तोच तुकडा आषाढाच्या सुरुवातीला पाहिला, तर डोळ्यांना सहन होणार नाही इतका कोवळा हिरवा असतो. रोपे वीतभर वाढली की ती उपटून त्यांच्या जुड्या बांधतात आणि चिखल केलेल्या खाचरात लावणी सुरू होते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांची रांग, पाठीवरचे इरले किंवा अलीकडे प्लास्टिकचा कागद, बांधावर टाकलेल्या जुड्या आणि शेजारच्या खाचरात चाललेली बैलांची किंवा यंत्राची चिखलणी, हे दृश्य पावसाळी सहलीच्या छायाचित्रांत पुष्कळ वेळा येते. परंतु वैशाखातील काळा तुकडा आणि आषाढातील हिरवा तुकडा एकच आहे, हे ज्याने पाहिले नाही, त्याला या दोन्ही चित्रांपैकी एकाचाही अर्थ पूर्णपणे लागलेला नसतो. या राबाला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे-कुलाबा भागात राबासाठी टहाळ तोडण्याच्या हक्कावरून वनखाते आणि शेतकरी यांच्यात इतका तीव्र वाद झाला की, सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राब ही अडाणी नासधूस आहे, असे म्हणणारा अधिकारी आणि राबावाचून या भिजक्या, तणाने भरणाऱ्या जमिनीत रोप धरत नाही, असे सांगणारा शेतकरी, यांच्यामधला तो वाद होता. त्यातली शेतकऱ्याची बाजू एका मोसमात येऊन जाणाऱ्याला कळणे अवघडच होते.

हिरड्याची गोष्टही अशीच आहे. जुन्नर, आंबेगाव आणि अकोले या तालुक्यांच्या पश्चिम भागात राहणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात रोख पैसा देणारे जे मोजके वनोपज आहे, त्यात बाळहिरडा प्रमुख. हिरड्याचे फळ पक्व होण्यापूर्वी, आत आठळी धरण्याच्या आधीच काढून वाळवले की ते आक्रसून काळे पडते. त्यालाच बाळहिरडा म्हणतात आणि औषधांसाठी त्याला मागणी असते. फाल्गुन-चैत्रात अंगणात, पत्र्यावर, रस्त्याच्या कडेच्या डांबरावरदेखील त्याचे वाळवण पसरलेले दिसते. पावसाळ्यात याच झाडांखालून जाणाऱ्याला ती केवळ ओली, हिरवी झाडे असतात. ज्याला तो प्रवासी ‘रान’ म्हणतो, त्यातले अमुक झाड अमुक घराच्या वहिवाटीचे आहे, त्याची फळे दुसरा कोणी काढत नाही, ही माहिती नोंदवहीत येण्यासाठी चैत्रातली फेरी व्हावी लागते.

ज्येष्ठाच्या तोंडाशी, पावसाच्या आधीच्या उकाड्यात, भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या बाजूला झाडे काजव्यांनी भरून जातात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली खूण असते, आणि तिच्यावरच पुढच्या पिढीची उत्पत्ती अवलंबून असते. अलीकडच्या काळात या दिवसांत येथे मोटारींची रीघ लागते, दिव्यांचे झोत झाडांवर पडतात, आणि ती खूणच पुसली जाते. हौशी लेखकाचा या गर्दीशी थेट संबंध आहे, कारण ठिकाणाचे नेमके वर्णन वाचूनच लोक येतात. म्हणून प्रस्तुत नोंदींत काजव्यांच्या झाडांचा नेमका ठावठिकाणा कोठेही दिलेला नाही, आणि तो न देणे हे लेखनातले उणेपण नसून लेखकाचे कर्तव्य आहे, असे येथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

पावसाळ्यातील हरिश्चंद्रगडाचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य म्हणजे इंद्रवज्र. निरीक्षक कड्याच्या काठावर उभा असताना सूर्य त्याच्या पाठीशी असला आणि समोर खाली दरीत धुके दाटलेले असले, तर त्या धुक्यावर सप्तरंगी पूर्ण वर्तुळ उमटते व त्याच्या मध्यभागी निरीक्षकाची स्वतःची सावली दिसते; यालाच इंद्रवज्र म्हणतात. धुक्यातील सूक्ष्म थेंब प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत फेकतात, म्हणून हे वर्तुळ पाहणाऱ्याच्या सावलीभोवतीच तयार होते आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांना आपापले वर्तुळ वेगळे दिसते. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने ही संधी सकाळी, आणि तीही धुके व ऊन यांचा मेळ बसणाऱ्या मोजक्या दिवसांत मिळते.

या दृश्याच्या संदर्भात एक वाक्य मराठी लेखनात वर्षानुवर्षे फिरत आहे: कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये कोकणकड्यावरून इंद्रवज्र पाहिले. विल्यम हेन्री साइक्स हे दख्खनच्या पाहणीचे काम करणारे, हवामानापासून पक्ष्यांपर्यंत अनेक विषयांच्या बारीक नोंदी ठेवणारे अधिकारी होते, आणि नाणेघाटातल्या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या इंग्रजांतही त्यांची गणना होते. परंतु ते १८३१ मध्येच मायदेशी परतले होते. १८३५ हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध छापून आला ते वर्ष आहे. प्रत्यक्ष दर्शन त्यापूर्वी काही वर्षे झाले असले पाहिजे. छपाईचे वर्ष दर्शनाचे वर्ष म्हणून रूढ झाले, कारण एकाने लिहिलेले दुसऱ्याने उचलले आणि मूळ लेखनाशी ताडून पाहण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत. हौशी लेखन पुष्कळदा अशा उचललेल्या वाक्यांवर चालते. वर्षभराच्या लेखनात प्रस्तुत लेखकाने स्वतःसाठी जो एक दंडक ठरवला, तो यातूनच आला: स्वतः पाहिलेले, गावकऱ्यांनी सांगितलेले आणि पुस्तकात वाचलेले या तीन गोष्टी नोंदीत वेगवेगळ्या ओळींवर लिहायच्या आणि त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही.

या दंडकाची कसोटी नाणेघाटात लागते. सातवाहनकाळात जुन्नरहून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा हा मार्ग, आजही वरचे घाटघर आणि खालचे वैशाखरे यांना जोडणारी फरसबंदी पायवाट म्हणून चालता येतो. घाटाच्या माथ्याशी कोरलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे; इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख सातवाहन घराण्याच्या इतिहासाचे एक मुख्य साधन मानला जातो. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या आकृती होत्या; आज त्यांच्या पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे. डोळ्यांनी दिसते ते इतके. लेखाच्या वाचनातून कळतात ते यज्ञ, आणि त्या यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे व कार्षापणांची, म्हणजे तत्कालीन नाण्यांची, दाने. बाहेर असलेल्या दगडी रांजणात व्यापाऱ्यांकडून जकात गोळा केली जात असे, ही गोष्ट मात्र सांगोवांगी चालत आलेली आहे. तिला मान द्यावा, पण शिलालेखाच्या पंक्तीला तिला बसवू नये. आषाढात येथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष लेखाकडे नसतेच, कारण त्या दिवसांत कोकणातून वर चढणारा वारा कड्यावर आदळून सरळ वर वळतो, आणि खाली कोसळू पाहणारा ओढा त्या झोताने उचलला जाऊन पठारावर माघारी फेकला जातो. मार्गशीर्षातल्या कोरड्या दुपारी, लेण्यात तिरपा उजेड शिरलेला असताना, अक्षरांचे खाचे बोटाने नव्हे तर नजरेने एकेक करून वाचत बसणे हा मात्र त्याच जागेचा दुसरा प्रवास आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो अधिक श्रेष्ठ आहे.

वर्षभराच्या नोंदींमध्ये सर्वांत उपयोगी ठरणारा भाग विचारला, तर तो पाण्याचा. गडावरील टाकी म्हणजे कातळ खोदून केलेले पाण्याचे साठे. त्यातून निघालेला दगड बांधकामाला वापरला जाई, आणि ज्या टाक्यांत छताला आधार देण्यासाठी खांब राखून आत खोदत नेलेले असते, त्यांना खांबटाकी म्हणतात. अशा टाक्यांतले पाणी सावलीत राहिल्याने कमी आटते आणि थंड राहते. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात तर शिवलिंगाभोवती कमरेइतके गार पाणी वर्षभर असते आणि चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. गडावरील मंदिरासमोरच्या सप्ततीर्थ या पुष्करणीचे पाणी मात्र ऋतूप्रमाणे चढते-उतरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील त्या राजनीतीच्या ग्रंथात, किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, केवळ झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात व पाण्याचा खर्च वाढतो, म्हणून टाकी-तळी बांधून साठा जपावा, असे सांगितले आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याला जो प्रश्न महत्त्वाचा वाटला, तोच आज डोंगरात हिंडणाऱ्यालाही पडतो. तरीही ‘गडावर पिण्याच्या पाण्याची सोय आहे’ या एका वाक्यावर बहुतेक वर्णने त्याची बोळवण करतात. कोणत्या टाक्यात, कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, पिण्याजोगे की वापरण्याजोगे, हे लिहिल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही, आणि हे लिहिण्यासाठी कार्तिकात व वैशाखात अशा दोन्ही वेळी त्याच टाक्याच्या काठावर जावे लागते.

मराठीत या वृत्तीची परंपरा नाही, असे नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील यज्ञाच्या आशेने निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांनी ‘माझा प्रवास’ परतल्यानंतर अनेक वर्षांनी लिहिले, आणि ते छापून निघाले १९०७ साली. त्यातला काळ आठवणीतून आलेला आहे, म्हणून त्यात प्रसंग जिवंत आहेत आणि तारखा तपासून घ्याव्या लागतात. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रकाशित झाले. प्रवासवर्णन नसूनही निसर्ग महिन्यामहिन्याने कसा पाहावा, याचा तो मराठीतला वस्तुपाठ आहे. गो. नी. दांडेकरांनी गडांविषयी जे लिहिले, त्यामागे त्याच गडांवर पुन्हापुन्हा केलेला मुक्काम आहे, हे त्यांच्या वाचकांना सांगायला नको. या तिघांत हौशी लेखकाने कोणाचे अनुकरण करावे, असा प्रश्न नाही. पण गोडश्यांची निर्भीड सांगण्याची हातोटी, दुर्गाबाईंची महिन्यांवरची नजर आणि दांडेकरांची गडावरची वस्ती यांतले थोडे थोडे प्रत्येकाला घेता येते.

वर्ष हे माप तरी पुरेसे आहे का, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. गडाच्या पठारावर सोनकी दर भाद्रपदात पिवळी होते, म्हणून ती एका वर्षात नोंदता येते. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. जिच्या काठ्यांच्या कुडाला शेणमाती लिंपून येथल्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्या झुडपाचे फुलणे एका वर्षाच्या वहीत कदाचित येणारच नाही. पाऊसही दोन वर्षे सारखा नसतो. तेव्हा एका वर्षाचे लेखन हे निष्कर्ष म्हणून वाचले जाऊ नये. ते पुढच्या वर्षाशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेले पहिले माप आहे. ही मर्यादा मान्य केली, तरी एकाच भेटीवर उभ्या राहिलेल्या वर्णनापेक्षा ते कितीतरी भक्कम असते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. वर्षाच्या आरंभीच्या नोंदींत ‘अप्रतिम’, ‘विलोभनीय’, ‘स्वर्गीय’ ही विशेषणे पानापानावर होती. पुढे ती आपोआप विरळ झाली, आणि त्यांच्या जागी झाडांची नावे, वाऱ्याची दिशा, पाण्याची खोली आणि माणसांची कामे आली. लेखनातला आनंद त्यामुळे उणावला नाही, उलट वाढला.

महाराष्ट्रात गेली काही दशके हजारो माणसे दर आठवड्याला डोंगरात जात आहेत, आणि त्यांपैकी अनेकांच्या घरी जुन्या वह्या आहेत, ज्यांत टाक्यांतले पाणी, बुजलेल्या वाटा, ढासळलेले बुरूज आणि गावकऱ्यांनी सांगितलेली नावे लिहून ठेवलेली आहेत. जुलै २०२५ मध्ये राजगड, साल्हेर, शिवनेरी, लोहगड यांच्यासह बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यावर तर अशा जुन्या, दिनांकित नोंदींचे मोल आणखी वाढले आहे, कारण किल्ल्यांची पूर्वीची स्थिती सांगणारा सलग पुरावा फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. ज्यांच्यापाशी अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. प्रत्येक नोंदीवर स्थळ व दिनांक आहे की नाही ते पाहून घ्यावे, राहिले असल्यास आठवून लिहावे, आणि एक प्रत त्या गडाच्या पायथ्याच्या गावातील शाळेकडे किंवा जवळच्या सार्वजनिक वाचनालयाकडे सोपवावी, ही विनंती.